नऊ वर्षं वाट बघितली, आणि आता पुस्तक उघडवत नाही

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय, वय 31. तिने 19 व्या वर्षी एक वायए (यंग अ‍ॅडल्ट, म्हणजे किशोरवयीनांसाठीची) मालिका वाचायला घेतली, अर्धी डिस्टोपियन, म्हणजे जुलमी राजवटीच्या भयाण जगातली, आणि अर्धी फँटसी, राजवट उलथवायला निघालेली 17 वर्षांची नायिका वगैरे. (मालिकेचं नाव मी काढून टाकलंय, उत्तरासाठी त्याची गरज नाही.) पहिले तीन भाग तीन वर्षांत आले, तिसरा अशा जागी संपला की तिला रात्रभर झोप लागली नाही, आणि मग चौथ्याला नऊ वर्षं लागली. तारीख दोनदा पुढे गेली. शेवटी एकदाचा तो आला, प्री-ऑर्डर असल्यामुळे पहिल्याच दिवशी हातात पडला, आणि त्याला आता सात आठवडे झाले तरी तिने तो उघडलेला नाही. वरचं सेलोफेन तसंच आहे, एका कोपऱ्यात थोडं सुटलंय तर ती जाता-येता अंगठ्याने दाबून ते परत बसवते. याच सात आठवड्यांत तिने पुढच्या वर्षी येणाऱ्या पाच पुस्तकांच्या प्री-ऑर्डर मात्र करून टाकल्यात, आणि स्पॉयलर नको, म्हणजे पुढचं आधीच कळायला नको म्हणून वाचणाऱ्या मैत्रिणींचा ग्रुप म्यूट केलाय. मोठी बहीण म्हणते, या वयात शाळकरी पोरांची पुस्तकं कसली वाचतेस, आणि आता तिला स्वतःलाही तसं वाटायला लागलंय. ती विचारते, "माझं वाचनावरचं प्रेम संपलं का? की मला पुस्तकं कधी आवडतच नव्हती, फक्त वाट बघायला आवडत होतं?" आणि सगळ्यात खाली एक ता.क. आहे, की बहिणीच्या 14 वर्षांच्या मुलीने पहिले तीन भाग हिच्याच प्रती नेऊन वाचले, चौथा मागायला आली तर हिने नाही म्हटलं, आणि का नाही म्हटलं ते तिलाच कळलं नाही.

प्रिय वाट बघून दमलेली,

अगं-तुगं केलं तरी चालेल असं तूच लिहिलंयस, म्हणून तसंच लिहिते.

आधी ताईचं मिटवून टाकू, ते सोपं आहे. वायए हे लेबल पुस्तक कुठल्या शेल्फवर लावायचं ते सांगतं, कुणी वाचायचं ते नाही. साधारण 12 ते 18 वयाचा वाचक डोळ्यासमोर ठेवून ही पुस्तकं काढतात हे खरं, पण दारात कुणी जन्मदाखला तपासायला बसलेलं नसतं. आणि चोवीस तास पाळत ठेवणारं सरकार, कुणाच्या ताटात किती पडणार ते ठरवणारी चार माणसं, हे विषय काही चौदाव्या वर्षाबरोबर संपत नाहीत, उलट मला तर ते नोकरीला लागल्यावर जास्त कळायला लागले. झालं, ताईचा विषय संपला.

फक्त एक गोष्ट खटकली. ताई हे बोलतेय बारा वर्षं, मग ते तुला आत्ताच का लागलं? मला वाटतं तिच्या बोलण्याने तुझ्या मनातली आधीचीच एक शंका हलवली, आणि ती शंका पुस्तकाबद्दल नाहीये, तुझ्याबद्दल आहे. त्यावर येते, जरा थांब.

तू माझ्यापुढे दोनच पर्याय ठेवलेस, एक तर प्रेम संपलं नाहीतर ते कधी नव्हतंच. मला दोन्ही पटत नाहीत. प्रेम संपलेल्या पुस्तकांचं काय होतं ते मी माझ्याच घरात बघते, त्यांच्यावर चार्जर पडलेला असतो, टेबल डुगडुगतं म्हणून एक पायाखाली गेलंय, एकाचं मुखपृष्ठ कपाच्या गोल डागाने भरलंय. तू तर सेलोफेनचा कोपरा दाबून बसवतेस बाई. याला राखण म्हणतात.

आणि वाट बघणं म्हणजे वाचन नाही, हे कुणी ठरवलं? या नऊ वर्षांत तू काय काय केलंस ते तुझ्याच पत्रात आहे. पहिले तीन भाग तीनदा वाचलेस, नकाशावर दोरा ठेवून नायिकेला उत्तरेच्या किल्ल्यापर्यंत पोचायला किती दिवस लागतील त्याचा हिशोब काढलास, तिचा भाऊ मेलेला नाही याचे सात पुरावे जमवलेस, फॅनफिक्शनचे, म्हणजे त्याच पात्रांवर स्वतः रचलेल्या गोष्टीचे, दोन चाप्टर लिहिलेस आणि कुणालाही दाखवले नाहीस. हे वाचनच आहे गं, आणि असलं वाचन फार थोड्या पुस्तकांच्या नशिबी येतं. पण यातून एक झालं आणि माझ्या मते गाठ नेमकी तिथे बसलीय. नऊ वर्षांत तुझ्या डोक्यात चौथा भाग लिहून तयार झालाय. त्यात भाऊ परत येतो, कसा येतो, कुठल्या दारातून येतो, पहिलं वाक्य काय बोलतो, सगळं ठरलंय. आणि आता टेबलावर जो येऊन पडलाय तो लेखिकेने लिहिलेला चौथा भाग आहे. तो उघडला की तुझा रद्द. मग हात कसा पुढे होणार?

ही पुस्तकं आपल्याला असं लटकवून ठेवतात ते ठरवूनच. हंगर गेम्स घे, पोरांना जिवावरच्या खेळात उतरवणाऱ्या राजवटीची मालिका, तू वाचलेलं असणारच. सगळी गोष्ट नायिका कॅटनिसच्या तोंडून आणि तीही वर्तमानकाळात, त्यामुळे तिला माहीत तेवढंच आपल्याला माहीत, ती बेशुद्ध पडली की आपणही बेशुद्ध. दुसरा भाग 2009 च्या सप्टेंबरात आला, आणि शेवटच्या ओळीत तिला कळतं की ती जिथली, तो डिस्ट्रिक्ट 12 आता अस्तित्वातच नाही, आणि पुस्तक बंद! पुढचा भाग 2010 च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे त्या एका ओळीवर वाचकाला साधारण वर्षभर तग धरायचा होता, आणि धरलाही. तुझ्या मालिकेचा तिसरा भागही अशाच मापाने संपवलेला दिसतो, वर्ष-दीड वर्ष पुरेल एवढा, आणि तो ताणला गेला नऊ वर्षं. इलॅस्टिक एवढं ताणून ठेवल्यावर ते सैल पडणारच, त्यात तुझं काही चुकलेलं नाही.

लेखिकेचं तरी चुकलं असेल का, मला नाही तसं वाटत, म्हणजे राग यायचा तो येऊ दे, पण लिहून झालं असं आपण म्हणतो त्यानंतरही संपादकाबरोबरच्या फेऱ्या, परत लिहिणं, कॉपी एडिट, प्रूफं, छपाई यात वर्ष सहज जातं, तारीख बऱ्याचदा त्याआधीच जाहीर करून टाकलेली असते आणि एक फेरी लांबली की पुढचं सगळं लांबतं. कधीकधी गोष्टच मापात बसत नाही. एरागॉनची मालिका तीनच भागांची म्हणून सुरू झाली होती, तिसरा लिहिता लिहिता लेखकाला कळलं की उरलेलं एका पुस्तकात मावणार नाही, मग झाले चार, तिसरा 2008 ला आणि चौथा 2011 ला. त्या तीन वर्षांत मी त्या लेखकाला मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे छापता येणार नाही.

खरी अडचण उशिराची नाहीच. उशीर झाला की पुस्तक बदलून येतं आणि वाचकही बदललेला असतो, ती आहे. हॅरी पॉटरचा चौथा भाग जुलै 2000 मध्ये आला, पाचवा जून 2003 मध्ये. बारा वर्षांची पोरं पंधराची होऊन बसली, आणि पाचव्यातला हॅरी बघावं तर जो दिसेल त्याच्यावर ओरडत सुटलेला, पानावर अक्षरशः कॅपिटल अक्षरांत. मला तेव्हा तो अजिबात आवडला नव्हता. आता घरात एक पंधरा वर्षांचा आहे, आता मला ती कॅपिटल अक्षरं अगदी ओळखीची वाटतात.

पण तुझ्यासाठी याच्यापेक्षा चांगलं उदाहरण अर्थसी या जादूगारांच्या मालिकेचं आहे. उर्सुला ले ग्विन यांची पहिली तीन पुस्तकं 1968 ते 1972 या काळात आली. तिसऱ्याच्या शेवटी गेड, म्हणजे सगळ्या जादूगारांचा मुख्य, आपली सगळी शक्ती गमावून बसतो आणि ड्रॅगन त्याला पाठीवर घेऊन उडतो. पुढचं पुस्तक, तेहानू, आलं 1990 मध्ये. 18 वर्षांनी. आणि गंमत अशी की गोष्टीत मात्र मधे काहीच वेळ गेलेला नाही, त्याच उड्डाणावरून ड्रॅगन उतरतो आणि गेडला खाली सोडतो. त्याला उतरवून घेणारी बाई म्हणजे दुसऱ्या पुस्तकात जिला आपण कोवळी मुलगी म्हणून बघितलं ती तेनार, आता मध्यमवयीन, विधवा, मुलं मोठी झालेली, आणि सोबत आगीत भाजलेली एक पोर सांभाळतेय. मी 22-23 ची असताना ते वाचायला घेतलं आणि साठेक पानांत आपटून बंद केलं. मला लढाया हव्या होत्या, मंत्र हवे होते, आणि इथे शेळ्या, धुणं, स्वयंपाक, आणि आमचा एवढा मोठा गेड आजारी पडून तोंड लपवत फिरतोय. फसवलं असंच वाटलं मला. बारा वर्षांनी, दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून, परत उघडलं, आणि रात्री अडीचला संपवून तशीच बसून राहिले. पुस्तकातलं एक अक्षर बदललेलं नव्हतं. (मूळ आवृत्तीवर 'अर्थसीचं शेवटचं पुस्तक' असं छापलेलं होतं, त्यानंतर 2001 मध्ये अजून दोन आली. शेवटचं म्हणणाऱ्या लेखकांवर कधी विश्वास ठेवू नये.)

आता तुझ्या शंकेकडे येते. तू सुरुवात केलीस तेव्हा तू 19 ची आणि नायिका 17 ची, दोघी जवळजवळ मैत्रिणी. आता तू 31 ची आणि ती अजून 17 चीच. मला वाटतं चौथा भाग वाईट निघेल याची तुला तेवढी भीती नाही. चांगला निघेल, सगळे रडतील, आणि तुला काहीच होणार नाही, याची आहे. तू वाचशील आणि मनात येईल की अगं बाई किती हट्टी आहेस, आधी कुणाला तरी विचार ना, झोप नीट. म्हणजे ताई होशील तू.

तसं होणार आहे थोडंफार, खोटं कशाला सांगू. पण ते वाईटच असतं असं नाही. हंगर गेम्समध्ये कॅटनिसचे वडील खाणीतल्या स्फोटात जातात तेव्हा ती 11 वर्षांची असते, आणि त्यानंतर आई पार कोसळते, नुसती बसून राहते, दोघी मुली उपाशी मरायची वेळ येते तरी उठत नाही. कॅटनिस तिला मनातून माफ करत नाही. पहिल्यांदा वाचताना मीही केलं नव्हतं, मला ती आई म्हणजे नुसती अडचण वाटली होती, कधी एकदा जंगलात जातोय असं झालं होतं. मागच्या वर्षी परत वाचलं तर मी जंगलाऐवजी त्या खुर्चीशीच थांबले. या बाईचं काय झालं असेल, तिला कुणी का उठवलं नाही, आजूबाजूची माणसं कुठे होती. पुस्तकात त्याचं उत्तर फारसं नाही, कारण सांगणारी मुलगी रागावलेली आहे आणि तिला ते दिसतच नाही, पण आपल्याला तिच्या रागाच्या मागचं दिसतं. हे 19 व्या वर्षी नसतं दिसत. तुझ्या मालिकेतही अशी कुणीतरी असेल बघ, एखादी स्वयंपाकीण, एखादी हरलेली सेनापती, जिच्यावरून तू तिन्ही वेळा पानं उलटत गेलीस.

स्पॉयलरचं थोडक्यात सांगते कारण तुझा ग्रुप म्यूट होऊन सात आठवडे झालेत आणि तिकडे लोक तुझी काळजी करत असतील. 2020 मध्ये हंगर गेम्सचं प्रीक्वेल, म्हणजे आधीच्या काळाची गोष्ट, आलं तेव्हा बऱ्याच जणांना हेमिचची, म्हणजे कॅटनिसला खेळासाठी तयार करणाऱ्या जुन्या विजेत्याची, गोष्ट हवी होती आणि मिळाला तरुण स्नो, मूळ मालिकेतला हुकूमशहा. हेमिचची गोष्ट आली मार्च 2025 मध्ये, आणि तो खेळ जिंकतो हे तर सगळ्यांना कधीचं ठाऊक होतं, कसा जिंकतो तेही 2009 च्या पुस्तकात कॅटनिस आणि तिचा जोडीदार पीटा त्या खेळाची जुनी टेप लावून बघतात तिथे सांगून झालेलं. 16 वर्षांचा जुना स्पॉयलर! तरी लोकांनी ते पुस्तक रडत रडत वाचलं, कारण टेपवर सगळंच नव्हतं. 2011 मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एक प्रयोग झाला होता, त्यात शेवट आधीच सांगितलेल्या लघुकथा लोकांना उलट थोड्या जास्तच आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत याच्या उलटंही निघालंय, त्यामुळे त्यावर मी फार भार टाकत नाही, माझा स्वतःचाच अनुभव सांगते. डायव्हर्जंट या अशाच एका वायए मालिकेच्या तिसऱ्या भागाचा शेवट, 2013 ची गोष्ट, मला एका मैत्रिणीने बोलता बोलता सहज सांगून टाकला. मी दोन दिवस तिचा फोन उचलला नाही. मग रागारागातच पुस्तक वाचायला घेतलं, आणि शेवट माहीत असल्यामुळे मधली साधी साधी पानं, दोघं नुसती बोलत बसलीयत असली, मी इतकी हळू वाचली की एरवी ती माझ्याकडून भर्रकन उलटली गेली असती. मैत्रिणीला मात्र हे मी अजून सांगितलेलं नाही.

बरं, मग करायचं काय. बहुतेक जणी सांगतील की आधी पहिले तीन परत वाच आणि मग चौथा घे. मी सांगेन नको. तू तीनदा वाचलेत, चौथ्यांदा वाचलेस की तुझ्या डोक्यातला चौथा भाग अजून चकचकीत होईल आणि महिनाभर अजून निघून जाईल, हे वाचन कमी आणि टाळाटाळ जास्त होईल. जी माणसं खरंच कथानक विसरलीयत त्यांनी खुशाल रीरीड करावं, तुझा प्रश्न विसरण्याचा नाहीये, फार आठवण्याचा आहे. तिसऱ्याचे शेवटचे दोन चाप्टर वाच, बास.

त्याआधी मात्र एक कर, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुझा चौथा भाग लिहून काढ. चांगला लिहू नकोस, दोन-तीन पानं, मुद्दे लिहिलेस तरी चालतील. भाऊ कुठल्या दारातून येतो, किल्ला पडतो का, शेवटच्या पानावर कोण उरतं. तारीख टाक आणि फोल्डरमध्ये त्या दोन चाप्टरांबरोबर ठेवून दे. म्हणजे तो हरवणार नाही, लेखिकेने भावाला पहिल्याच पानावर मारलं तरी तुझ्याकडे तो दारात उभा असेल. माझ्या ओळखीत दोघी-तिघींनी हे केलंय, एकीला तर तिच्यापेक्षा पुस्तकातला शेवट बरा वाटला आणि तिचं लिहिलेलं वाचून ती स्वतःच खूप हसली.

मग पुस्तक उघड आणि पहिल्या 60 पानांत कुठलाही निकाल देऊ नकोस. साठच का, तर मी तेहानू तिथेच फेकलं होतं म्हणून, दुसरं काही शास्त्र नाही त्याला. नऊ वर्षांची वाट आणि पहिला चाप्टर यांची तुलना केलीस तर कुठलाही चाप्टर हरेल. साठ पानांनंतरही कंटाळा आला तर डीएनएफ (डिड नॉट फिनिश) कर. अर्धवट सोडलेलं पुस्तक म्हणजे नापास झालेली परीक्षा नव्हे, आणि एकदा सोडलेलं बारा वर्षांनी परत उघडता येतं हे मी वर सांगितलंच.

अजिबात न वाचणं हाही पर्याय आहे, तो मी हसण्यावारी नेत नाही. लॉईस लोरी यांचं द गिव्हर 1993 चं, त्याचा शेवट असा आहे की त्या मुलाचं पुढे नक्की काय झालं यावर वाचक वर्षानुवर्षं भांडले. उत्तर नंतरच्या पुस्तकांतून मिळालं, ती चार पुस्तकांची साखळी 2012 मध्ये पूर्ण झाली. मला उत्तर मिळालं तेव्हा बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं, आणि ज्यांनी फक्त पहिलं वाचून तिथेच थांबायचं ठरवलं त्यांचं काही अडलं असं मला दिसलेलं नाही. तेव्हा तिसऱ्या भागाशी थांबायचं असेल तर थांब. पण मग ठरवून थांब आणि पुस्तक घराबाहेर जाऊ दे. न वाचण्याचा निर्णयही घ्यायचा नाही आणि रोज कोपरा पण दाबायचा, याने जीव दमतो.

पाच प्री-ऑर्डर. यातल्या चार तर नव्या मालिकांचे पहिले भाग आहेत, ज्यांचं तू एक पानही वाचलेलं नाहीस, कव्हर रिव्हील, म्हणजे आधी दाखवलेलं नुसतं मुखपृष्ठ, बघून बटण दाबलंस. का ते मला कळतं. त्या पुस्तकांची वाट अजून कोरी आहे, तिथे अजून कुणी निराश केलेलं नाही. आणि प्री-ऑर्डरने लेखकांचं भलं होतं हेही खरं, ती विक्री पहिल्या आठवड्याच्या आकड्यात धरतात, प्रकाशक त्याकडे बघून पुढचं ठरवतात, नवीन लेखकाला तर त्याचा मोठाच आधार. पण तू कुणाचं देणं लागत नाहीस. ज्या लेखिकेचं आधीचं पुस्तक पूर्ण वाचलंयस तेवढी एक ठेव, बाकीच्या चार रद्द कर, पुस्तकं पळून जात नाहीत, तोपर्यंत रिव्ह्यूही आलेले असतील. ज्यांना ज्यांना अशीच सवय लागलीय त्या सगळ्यांना मी माझा नियम सांगते, घरात न वाचलेली तीन नवीन पुस्तकं असली की चौथीची ऑर्डर नाही. मी तो दर दोन महिन्यांनी मोडते, पण नियम आहे म्हणून निदान मोडल्याचं कळतं तरी. आणि वाट बघणं खरंच झेपत नसेल तर पूर्ण झालेल्या मालिका वाचा की, सगळे भाग आलेले असतात, क्लिफहँगर, म्हणजे लटकवणारा शेवट, आला तर उठून पुढचा भाग घ्यायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

आता ता.क. माझ्या मते तुझं खरं पत्र तेच आहे, वरचं सगळं त्याच्यासाठी जागा करायला लिहिलंस.

भाची चौदाची. तिने तिन्ही भाग तुझ्या प्रतींमधून वाचले, म्हणजे तू पेन्सिलीने केलेल्या खुणांसकट, तुझ्या सात पुराव्यांच्या सात जागांसकट. तिला नऊ वर्षं लागलेली नाहीत, तिने तिसरा संपवला आणि दुसऱ्या दिवशी चौथा मागायला आली. तिच्यासाठी हे पुस्तक उशिरा आलेलंच नाहीये, अगदी वेळेवर आलंय. आणि तू नाही म्हटलंस, कारण तिने आधी वाचलं तर ते तिचं होईल, आणि तुला वाटतं की मग तुझ्यासाठी काही उरणार नाही. मत्सर म्हण त्याला, त्यात एवढं लाजण्यासारखं काही नाही, एकाच पुस्तकावर जीव असलेल्या दोन माणसांत तो असतोच. पण ती पोर काय समजली असेल ते बघ. मावशीने आजपर्यंत कधी पुस्तक नाकारलं नाही, आता नाकारलं, म्हणजे आपलंच काही चुकलं, आपण पान दुमडलं असेल, डाग पाडला असेल. चौदाव्या वर्षी असंच वाटतं.

म्हणून मी सुचवते ते असं. तिला फोन कर, मेसेज नको. सांग की मी नाही म्हटलं ते चुकलं, मला उघडायची भीती वाटत होती. एवढं खरं तिला झेपेल, भीतीवर विजय मिळवणाऱ्या नायिका तिने तीन भाग वाचल्यात. तिला घरी बोलाव आणि सेलोफेन तिला फाडू दे. तू सात आठवडे जपलेलं ती दोन सेकंदांत टराटरा फाडेल, तेव्हा तू डोळे मीट हवं तर. मग एकच प्रत आणि दोन बुकमार्क. पहिली साठ पानं तू वाच, मग आठवडाभर तिच्याकडे, मग परत तुझ्याकडे. ती तुझ्या पुढे जाणार, ते धरून चाल, पोरं भराभर वाचतात. तिने पुढचं सांगायचं नाही, फक्त जिथे तिला थांबावंसं वाटलं तिथे समासात पेन्सिलीने एक टिंब द्यायचं, बास. तू मागून येशील तेव्हा तुला ती टिंबं दिसतील, आणि काही ठिकाणी तू विचारात पडशील की हिला इथे काय सापडलं.

आणि पुस्तक उघडण्याआधी तिला विचार की तुझ्या मते भाऊ जिवंत आहे का. तुझे सात पुरावे लगेच बाहेर काढू नकोस, तिला बोलू दे. तिच्याकडे आठवा निघाला तर मला जरूर कळव.